मुलांच्या वाङ्मयांतील उंदीर

मराठी मुलांच्या वाङ्मयांत उंदराइतका लाडका प्राणी क्वचितच सांपडेल. गणपतीच्या पायाशीं तो मोदक घेऊन बसतो. एका गोष्टींत टोपी शिवून घेऊन राजाची फजिती करतो. दुसरींत सिंहाचें जाळें कुरतडून थोरांस लहानांचें महत्त्व पटवितो. तथापि नाशकांतील जुन्या लांकडी वाड्यांत वाढलेल्या एखाद्या मुलास विचारावें, कीं माळ्यावरचा उंदीर खाण्याजोगें नसलेलें लांकूड कां कुरतडतो, तर समाधानकारक उत्तर बहुधा मिळणार नाहीं. हा दोष मुलाचा नव्हे. आपण त्याच्या हातीं दिलेल्या वाङ्मयाचा आहे.

हें वाङ्मय ठोकळमानानें दोन प्रकारचें आहे. गोष्टींत उंदीर म्हणजे शेंपूट लावलेला माणूस. आरोग्याच्या पाठांत तो केवळ शत्रु. एका ठिकाणीं त्याचे लाड, दुसऱ्या ठिकाणीं तिरस्कार. प्रत्यक्ष उंदीर मात्र दोन्हींकडे दिसत नाहीं.

या बाबतींत जुना कथाकार अधिक डोळस होता, असें आमचें मत आहे. पंचतंत्रांतील हिरण्यक संन्याशानें उंच टांगलेल्या भिक्षापात्रापर्यंत उडी मारतो आणि बिळांत सांठा करतो. त्यांतील उडी आपल्या घरांतील काळ्या उंदराची आहे. तो चढण्यांत पटाईत असतो, व धडाहून लांब असलेली त्याची शेंपटी तोल सांभाळते. सांठ्याची संवय मात्र घुशीच्या कुळांतील शेतांतल्या उंदराची. त्याच्या बिळांत कणसें सांपडतात, हें शेतकऱ्यास ठाऊक असतें. कथाकारानें दोन प्राण्यांचे गुण एकाच्या अंगीं घातले खरे, परंतु दोन्ही गुण पाहिलेले होते. आजच्या लेखकानें निदान इतकें पाहावें, आणि घूस, उंदीर व चिचुंद्री यांची गल्लत तरी टाळावी. चिचुंद्री ही कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गांतलीच नव्हे. ती किडे खाणारी आहे.

मुलांस सांगण्याजोगें या प्राण्याजवळ पुष्कळ आहे. त्याचे पुढचे दांत, वर दोन व खालीं दोन, जन्मभर वाढत राहतात. कुरतडण्यानें ते झिजून बेतांत राहतात. त्यांच्या पुढच्या बाजूसच कठीण कवच असतें व मागची बाजू मऊ असते; म्हणून झिजतांना दांतास पटाशीसारखी धार येते. त्याची दृष्टि अधू. अंधारांत तो मिशांनीं भिंत चांचपीत जातो. त्यास ओकतां येत नाहीं, म्हणून अनोळखी अन्न तो प्रथम जरासेंच चाखतो. नवें आमिष पहिल्या रात्रीं पुष्कळदां तसेंच राहतें, त्याचें एक कारण हें. मादी सुमारें तीन आठवड्यांनीं विते, आणि तिचीं पिलें तीनेक महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. या हिशेबावर मुलाकडून गणितच करवून घ्यावें.

परंतु नाशिककर मुलापुढें उंदराचें चरित्र ठेवतांना प्लेगाचें प्रकरण गाळणें हा अप्रामाणिकपणा होईल. १८९६ मध्यें मुंबईस आलेली ही सांथ लवकरच नाशिक जिल्ह्यांत शिरली. भगूरचे दामोदरपंत सावरकर १८९९ मध्यें तिला बळी पडले. घरांत उंदीर मरून पडूं लागले, कीं लोक गांव सोडून रानांत झोपड्या घालीत. खूण बरोबर होती; कारण ठाऊक नव्हतें. १८९८ मध्यें कराचीस सिमाँ या फ्रेंच वैद्यानें पिसवेवर बोट ठेवलें, आणि १९०५ पासून मुंबईंत प्लेग कमिशननें प्रयोग करून तें सिद्ध केलें. उंदीर मेला कीं त्याचें अंग थंड होतें, आणि पिसवा तें सोडून दुसरें ऊबदार अंग शोधतात. म्हणजे उंदीर स्वतः त्या रोगाचा आधींचा बळी होता. हें ज्यास समजलें, तो मुलगा मेलेल्या उंदरास हात लावणार नाहीं, आणि जिवंत उंदराच्या शेंपटीस दोरीही बांधणार नाहीं.

हें ज्ञान घरोघर पोहोंचलें आहे काय? १९९४ मध्यें बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं व पुढें सुरतेस प्लेगाची वार्ता उठली, तेव्हां सुरतेंतून लक्षावधि लोक पळाले. कारण सिद्ध होऊन जवळजवळ नव्वद वर्षें लोटलीं होतीं, रोगावर औषधेंही होतीं; तरी भीति जुनीच राहिली.

नीतीच्या लेखकांसही निराश होण्याचें कारण नाहीं. २०११ मध्यें शिकागो येथील संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कोंडलेल्या सोबत्याची नळी उघडण्यास उंदीर शिकले; शेजारीं चॉकलेट असतांही पुष्कळांनीं सोबत्यास सोडविलें व खाऊ उरूं दिला. सिंहाच्या जाळ्याहून ही गोष्ट कमी रसाळ आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

गोष्टींतला उंदीर हद्दपार करावा, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. टोपीवाला उंदीर राहूं द्यावा. मात्र त्याच्या शेजारीं माळ्यावरच्या उंदरासही एक पान मिळावें. तें पान वाचून मुलगा रात्रीं दिवा घेऊन ती खुडबुड पाहावयास उठला, तर लेखकाचें काम झालें असें आम्ही समजूं.