हिरवा पोपट

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आले. त्याविषयी बोलताना आपण काशीकर-सुखात्मे यांच्या क्रौर्यावर तुटून पडतो. मला अस्वस्थ करतो तो साधाभोळा सामंत. लीला बेणारेविषयी त्याला आपुलकीच आहे. तरी ‘खेळच तो’ म्हणून तो कादंबरीत पाहून साक्ष देतो आणि सारे तिला टोचू लागल्यावर गप्प राहतो. शेवटी मात्र कोसळलेल्या तिच्यापाशी हिरवा कापडी पोपट हळूच ठेवतो.

१९६८ साली डार्ली आणि लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. फीट आलेल्याची हाक आपण एकट्यानेच ऐकली असे समजणाऱ्यांपैकी शेकडा ८५ जण त्याचा आवाज थांबण्यापूर्वीच मदतीसाठी धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे समजणाऱ्यांपैकी अवघे ३१.

मानखुर्दच्या फलाटावर घेरी येऊन पडलेल्या माणसाभोवती कडे जमते, तेव्हा मला त्यात सामंतच दिसतात. दगडाच्या काळजाचे थोडे. ‘कोणीतरी पाहील’ म्हणणारे फार. तेंडुलकरांनी हे प्रयोगशाळेवाचून ओळखले, ही त्यांची थोरवी. त्यांचा सवाल खलनायकांना नाहीच. तो आपल्यासारख्या सज्जनांना आहे: पोपट ठेवायला सगळे उरकण्याची वाट कशाला पाहायची?