कार्लाईलचा 1912 चा फुटबॉल-हंगाम : दंतकथा व दाखले

9 नोव्हेंबर 1912 रोजीं वेस्ट पॉइंट येथें कार्लाईल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलच्या संघानें अमेरिकेच्या लष्करी विद्यालयाच्या संघाचा 27 विरुद्ध 6 गुणांनीं पराभव केला. या सामन्याविषयीं जें सांगण्यांत येतें त्यांतील बराच भाग बखरीच्या जातीचा आहे, असें आमचें मत आहे. बखरीस जी कसोटी आपण लावतों, तीच येथें लावून पाहण्याचें योजिलें आहे. (हा फुटबॉल अमेरिकन, म्हणजे चेंडू हातीं घेऊन धावण्याचा, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.)

कार्लाईल हें वस्तुतः कॉलेज नव्हेच. 1879 सालीं रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानें पेनसिल्व्हानियांतील जुन्या बराकींत मूलनिवासी मुलांसाठीं हें विद्यालय काढिलें. मुलांचे केस कापावे, त्यांची भाषा सोडवावी व नांवेंही पालटावीं, हा तेथील शिक्षणाचा पाया. तरी त्याचा संघ मोठमोठ्या कॉलेजांशीं सामने खेळे. 1912 च्या हंगामांत ग्लेन वॉर्नर या शिक्षकाच्या हाताखालीं या संघानें 14 पैकीं 12 सामने जिंकले, वॉशिंग्टन अँड जेफरसनशीं 0–0 अशी बरोबरी केली आणि पेनसिल्व्हानियाकडून 34–26 असा एकच पराभव पत्करिला. स्टॉकहोम ऑलिंपिकांत त्याच वर्षीं दोन सुवर्णपदकें मिळविणारा जिम थॉर्प या संघांत होता. त्याच्या नांवावर 25 टचडाउन व 198 गुण सर्रास लिहिले जातात. पण याहून मोठे आंकडेही छापलेले आढळतात, आणि दोन सामन्यांचीं संपूर्ण टिपणें उपलब्ध नाहींत. तेव्हां हे आंकडे छातीठोकपणें उद्धृत करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

आतां मुख्य दंतकथा. थॉर्पनें लष्करी संघाविरुद्ध 92 यार्ड धांवून टचडाउन केला, सोबत्याच्या चुकीमुळें तो रद्द झाला, आणि लगेच पुढच्या खेपेस थॉर्पनें 97 यार्ड धांवून तो पुन्हा केला, अशी ही कथा आहे. पांच यार्डांचा दंड होऊन 92 चे 97 झाले, हा हिशेब मोठा नेटका दिसतो. पण गुणांचा हिशेब त्याशीं जुळत नाहीं. 1912 पासून टचडाउनचे गुण पांचांऐवजीं सहा झाले होते. चार टचडाउनांचे 24 व त्यानंतरच्या लाथांचे 3 मिळून 27 होतात. त्या चारांपैकीं तीन अ‍ॅलेक्स आर्कासाचे व एक जो बर्गीचा. थॉर्पचा एकही नाहीं. रद्द झालेली धांव मात्र खरी. सामन्याच्या दुसऱ्या दिवशींच्या न्यूयॉर्क टाइम्सच्या वृत्तांतांत तिचें कौतुक आहे. परंतु तींत थॉर्पनें शत्रूची लाथ झेलली ती त्यांच्याच बाजूच्या 45 यार्डांच्या रेषेजवळ. तेथून 92 यार्ड धांवण्यास मैदानच उरत नाहीं!

या कथेनें थॉर्पची कीर्ति वाढली असें नाहीं. तिला या भराची गरजच नव्हती. नुकसान झालें तें आर्कासाचें. आपल्या बखरकारांना लढाईंतील प्रत्येक वार एकाच वीराच्या हातीं देण्याची जी खोड आहे, तीच येथें दिसते.

दुसरी कथा, थॉर्पनें आयझेनहॉवरचा गुडघा मोडून त्याचा खेळ संपविला, अशी. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेला हा गृहस्थ त्या सामन्यांत खेळला व थॉर्पला अडवितांना दुखावलाही. पण गुडघा दुखावला तो पुढच्या आठवड्यांत टफ्ट्सविरुद्धच्या सामन्यांत, आणि पुरता बिघडला घोडेस्वारीच्या कवाइतींत. दोन जवळच्या प्रसंगांचा एक प्रसंग होणें हें तोंडी परंपरेचें नित्याचेंच आहे.

तिसरी गोष्ट, तुमच्या बापजाद्यांशीं लढलेल्यांचे हे वंशज आहेत, अशा अर्थाच्या भाषणानें वॉर्नरनें मुलांना चेतविलें, ही होय. वूंडेड नीच्या कत्तलीस तेव्हां 22 वर्षेंच झालीं होतीं; सामन्याचा तो अर्थ खेळाडूंना कोणी सांगावयास हवा होता असें आम्हांस वाटत नाहीं. हें भाषण मागाहून सांगितलेल्या आठवणींतून येतें, आणि त्यानें सामन्याचें श्रेय आपोआप शिक्षकाकडे जातें; म्हणून आम्ही त्यास दुय्यम पुरावा मानतों.

या शिक्षकाविषयीं अस्सल कागद दुसरेच सांगतात. 1914 सालीं विद्यार्थ्यांच्या अर्जावरून काँग्रेसच्या संयुक्त समितीनें विद्यालयाची चौकशी केली. खेळाचें उत्पन्न सरकारी हिशेबाबाहेर एका क्रीडामंडळाकडे ठेवलें जाई, हें तींत उघड झालें. वॉर्नरच्या वर्तनाविरुद्ध साक्ष देणारांत गस वेल्च होता. म्हणजे वेस्ट पॉइंटच्या सामन्यांत ज्यानें क्वार्टरबॅक म्हणून संघ चालविला तोच. अधीक्षक मोझेस फ्रीडमन यास पद सोडावें लागलें. वॉर्नर 1915 मध्यें पिट्सबर्गला गेला व तेथें यशस्वी झाला. या हंगामावर लिहिणारे वॉर्नरच्या युक्त्यांना पानेंच्या पानें देतात व वेल्चच्या साक्षीस एखादी ओळ. हें प्रमाण उलट व्हावयास पाहिजे.

विद्यालय 1918 त बंद झालें. त्याच्या आवारांतील दफनभूमींत दीडशेंहून अधिक मुलें पुरलेलीं होतीं. 2017 पासून कांहींचे अवशेष त्यांच्या कुळांकडे परत पाठविण्यांत आले आहेत. थॉर्पचीं पदकें 1913 त काढून घेतलीं गेलीं होतीं. 1982 त त्यास सहविजेता ठरविण्यांत आलें व पुढें पदकांच्या प्रतिकृति देण्यांत आल्या, आणि एकटा विजेता म्हणून त्याचें नांव 2022 त नोंदलें गेलें. आर्कासाच्या तीन टचडाउनांची नोंद करण्यास मात्र कोणत्याही समितीची गरज नाहीं. ती त्या दिवसाच्या गुणपत्रकांत प्रथमपासूनच आहे.