वाणसामानाचा वाद

दिवाळीच्या सामानाची यादी करण्याची वेळ आली की आपल्या घरांत एक जुना वाद नव्याने सुरू होतो. रवा, बेसन, पोहे, तेल, सुके खोबरे हे सारे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणावे, की रविवार साधून मोठ्या दुकानातून एकदम भरून आणावे? आजी वाण्याचा पक्ष घेते, कारण तो ओळखीचा. सूनबाई मोठ्या दुकानाचा पक्ष घेतात, कारण तेथे बेसन किलोमागे चार पैसे स्वस्त आणि निवडून घेता येते. घरातले चिरंजीव दोघींकडे पाहून हसतात आणि फोनवर बोट ठेवून दहा मिनिटांत वेलदोडे दारात आणून दाखवितात. वाद तिथेच राहतो आणि चकल्यांचे पीठ भिजते.

हाच वाद गेली वीस वर्षे संसदेत, वर्तमानपत्रांत आणि व्यापाऱ्यांच्या सभांत फार मोठ्या आवाजात चालला आहे. त्यातली भाषणे आणि लेख मी पुष्कळ वाचले. वाचता वाचता मला असे वाटू लागले की, कोण बरोबर हे ठरविण्याआधी या वादाचीच एकदा परीक्षा करावी. ज्या रीतीने तो मांडला जातो, त्या रीतीतच काही ठळक दोष आहेत. त्या दोषांपायी ज्याचे खरोखर नुकसान होते, तो माणूस वादात कोठेच दिसत नाही.

पहिला दोष भाकितांचा. २००६ साली हैदराबादेत रिलायन्स फ्रेशची पहिली दुकाने उघडली. पुढच्याच वर्षी रांचीत भाजीविक्रेत्यांनी अशा दुकानांवर हल्ले केले, आणि उत्तर प्रदेशात तर सरकारनेच ती बंद करावयास लावली. मग २०११ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने सर्व प्रकारच्या मालाच्या किरकोळ दुकानांत ५१ टक्के परदेशी भांडवलास मुभा देण्याचे ठरविले, गदारोळ होताच ते थांबविले, आणि २०१२ च्या सप्टेंबरात अमलात आणले. डिसेंबरात लोकसभेत मतदान झाले. सरकारच्या बाजूने २५३ आणि विरुद्ध २१८ मते पडली. एक पक्ष सांगत होता की थोड्याच वर्षांत १ कोटी लोकांना काम मिळेल. दुसरा सांगत होता की गल्लीगल्लीतला दुकानदार देशोधडीला लागेल.

पुढे झाले काय? या नियमाखाली टेस्को ही एकच मोठी परदेशी कंपनी आली, तीही २०१४ साली टाटांच्या ट्रेंटशी भागीदारी करून. कोट्यवधींना कामही मिळाले नाही आणि कोट्यवधी दुकानेही बुडाली नाहीत. मात्र २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने फ्लिपकार्ट या कंपनीचा सुमारे ७७ टक्के हिस्सा विकत घेतला. ज्या दारावर सगळे पहारा देत बसले होते, ते दार सोडून पाहुणा खिडकीतून आत आला. शिवाय सर्वांत वेगाने वाढली ती दुकाने परदेशी नव्हतीच. डीमार्टचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत, पवईला निघाले. भांडवल देशी की परदेशी, यावर एवढा शब्दच्छल करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावयास हवे होते, की कोपऱ्यावरच्या दुकानदाराला शेजारचे मोठे दुकान कोणत्या देशाच्या पैशाचे आहे याने काडीचाही फरक पडत नाही.

दुसरा दोष भावनेचा आहे. वाण्याची बाजू घेणारे लोक त्याचे असे गोड चित्र काढतात की तो वाणी नसून कोणी संतच वाटावा. तो आपल्याला नावाने ओळखतो, मुलाच्या हातावर खडीसाखर ठेवतो, अडीअडचणीला उधार देतो. हे खरे नाही असे कोण म्हणेल? तथापि, याच वाण्याच्या वहीची दुसरी बाजू महाराष्ट्राने पाहिलेली आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या आणि दुकानदारांच्या वह्या व कर्जरोखे हिसकावून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. तेथे दाणे विकणारा आणि कर्ज देणारा पुष्कळदा एकच असे, आणि त्याच्या वहीत एकदा नाव चढले की ते उतरण्याचे नाव नसे. ज्या वहीची आपण लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहून पूजा करतो, तिच्यात कोणाचा आधारही लिहिलेला असतो आणि कोणाचा गळफासही.

मोठ्या दुकानाची एक थोरवी येथे कबूल केली पाहिजे. तेथे कोण, कुठला, कोणाचा, हे कोणी विचारीत नाही. फळीवरची वस्तू हातात घेऊन पाहता येते, किंमत लिहिलेली असते, पावती मिळते. ज्या गिऱ्हाइकाला पिढ्यान्‌पिढ्या फळीबाहेर ताटकळत ठेवले गेले आणि मापात मारले गेले, त्याला या दुकानात मोकळे वाटले तर त्यात नवल नाही.

असे असूनही त्या वहीचे मोल आजही संपलेले नाही, आणि ते मोल गोडव्याचे नसून हिशेबाचे आहे. ज्याचा पगार पहिल्या तारखेला बँकेत जमा होतो त्याला उधारीची गरज नाही. रोजंदारीवर जाणारा गवंडी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, पाऊस लागला की धंदा बुडणारा रिक्षावाला, यांच्या घरी पैसा रोज येत नाही आणि भूक मात्र रोज लागते. दहा रुपयांची साखर आणि पाच रुपयांची चहापूड त्याला लहान दुकानातच मिळते, आणि तीही कधी पुढच्या शनिवारच्या बोलीवर. पाच किलोची पिशवी घेतली तर स्वस्त पडते, हे त्यालाही कळते. पाच किलोचे पैसे एकदम हातात असणे हीच तर त्याची अडचण असते. मोठे दुकान स्वस्त आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते कोणाला स्वस्त आहे हा प्रश्न आपण सोडून देतो.

तिसरा दोष या स्वस्ताईच्याच कौतुकाचा आहे. स्वस्ताई कोठून येते? काही ती कष्टाने येते. माल भराभर खपविणे, जागेच्या भाड्यात पैसा न घालविणे, पुरवठादाराचे पैसे वेळेआधी चुकते करून त्याबदली सूट मिळविणे, ही सारी चांगल्या व्यापाऱ्याची लक्षणे आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु काही स्वस्ताई केवळ दांडगाईने येते. एकच टूथपेस्ट मोठ्या दुकानाला एका भावाने मिळते आणि लहान दुकानदाराला वितरकामार्फत चढ्या भावाने मिळते. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील वितरकांनी टूथपेस्टच्या एका मोठ्या कंपनीचा काही माल उचलण्याचे नाकारले, ते याच तक्रारीवरून. पुष्कळदा असे घडते की ज्या भावात मोठे दुकान गिऱ्हाइकाला वस्तू विकते, त्या भावात लहान दुकानदाराला ती विकतही मिळत नाही. मग त्याने कितीही पहाटे उठावे, कितीही गोड बोलावे, तराजूचा काटा कितीही सरळ धरावा, त्याची हार आधीच ठरलेली असते. शर्यतीत एकाला पन्नास पावले पुढे उभे करावयाचे आणि मग त्याच्या पायांचे कौतुक करावयाचे, असा हा प्रकार आहे.

दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या कंपन्यांनी यात आणखी एक भर घातली. गुंतवणूकदारांच्या पैशावर तोटा सोसून स्वस्त विकावयाचे, आणि शेजारचा दुकानदार थकला की भाव आपल्या हाती येतील अशी वाट पाहावयाची, असा आरोप वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने केला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली. त्या तक्रारीचा निवाडा आयोगाने करावा. गिऱ्हाइकाने मात्र एवढे समजून असावे की तोट्यात विकणाऱ्याचे औदार्य कायमचे नसते. मोठेपणा हाही काही अमरपट्टा नव्हे. एके काळी ज्याच्या २६ जानेवारीच्या स्वस्त विक्रीला झुंबड उडे, त्या बिग बझारची दुकाने २०२२ साली बंद पडली आणि मूळ कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे उभी राहिली.

चौथा दोष मला सर्वांत मोठा वाटतो. तो ‘लहान विक्रेता’ या शब्दाचा आहे. हा शब्द वापरणारे गाळ्यात बसलेला किराणा दुकानदार, हातगाडीवरचा फळवाला आणि पदपथावर पाटी मांडून बसलेली भाजीवाली यांना एकाच गाठोड्यात बांधतात. वस्तुतः यांची दुखणी वेगळी आहेत. दिल्लीच्या इक्रिअर या संशोधनसंस्थेने २००८ साली सरकारसाठी केलेल्या अहवालात असे दिसले की, मोठे दुकान जवळ उघडल्यावर लहान दुकानांचा खप आणि नफा पहिल्या एकदोन वर्षांत घटतो, आणि पुढे तो धक्का ओसरू लागतो. गाळेवाला असा सावरतो, कारण त्याला गाळा आहे. भाजीवालीला तो नाही. तिचा पहिला वैरी मोठे दुकान नव्हे. पालिकेची गाडी हा तिचा पहिला वैरी. आणि पुष्कळ ठिकाणी तिला उठवा असा अर्ज करणाऱ्यांत गाळेवाला दुकानदारच पुढे असतो!

भाजीवाली मोठ्या दुकानाची नुसती नक्कलही करीत नाही. मोठे दुकान शेतकऱ्याकडून सारख्या आकाराचा, डाग नसलेला माल निवडून घेते. उरलेला वाकडा दोडका आणि बारका टोमॅटो बाजारात जातो, आणि तो हातगाडीवरून आणि पाटीतून आपल्या चुलीपर्यंत पोहोचतो. संध्याकाळी सातनंतर तिचे भाव उतरतात, आणि कामावरून परतणाऱ्या बाया त्याच वेळी भाजी घेतात. शेतकऱ्याचा उरलेला माल आणि गरिबाची संध्याकाळ यांची गाठ ती घालून देते. तिला उठविले तर दोघांचेही नुकसान होते.

तिच्यासाठी कायदा नाही असे नाही. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. शहरात विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडलेले असावेत आणि सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणास उठवू नये, असे त्यात लिहिले आहे. दहा वर्षे उलटून गेली तरी आपल्या कितीतरी शहरांत हे काम पुरे झालेले नाही. २०१७ साली एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, माणसे दगावली, आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई ठरविली. चालणाऱ्याला वाट मिळालीच पाहिजे, यात वाद नाही. पण जिथे बसू नये ती जागा आखून दिली, तितक्याच तत्परतेने जिथे बसावे ती जागाही आखून द्यावयास हवी होती. पहिले काम झाले, दुसरे राहिले.

या सगळ्या वादात महाराष्ट्राला स्वतःच्या एका जुन्या उत्तराचा विसर पडला, याचे मला वाईट वाटते. लहान दुकान की मोठे दुकान, या दोहोंखेरीज तिसरी वाट आपणच पाडली होती. १९४८ साली मुंबईत नायगावला कामगारांनी सहकारी तत्त्वावर ‘अपना बाजार’ उभा केला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारशेजारची कुटुंबे गट करून महिन्याची यादी देतात, माल घाऊक खरेदी होतो आणि सभासदच तो आपापसांत वाटून घेतात. त्यात दुकानाची झगमग नाही, जाहिरात नाही. पण भाव वाजवी आणि माल पारखलेला. हजारो कुटुंबे आजही हे करतात. ‘अपना बाजार’चे जुने वैभव पुढे ओसरले हे खरे. परंतु मोठेपणाचा फायदा घ्यावयाचा आणि तो मोजक्या मालकांच्या तिजोरीत न जाऊ देता घरोघर वाटून घ्यावयाचा, ही कल्पना त्यामुळे खोटी ठरत नाही. लहान दुकानदारांनी मिळून अशी घाऊक खरेदी का करू नये, हा प्रश्न त्यांच्या संघटनांना कोणी तरी विचारावयास हवा. मोर्चाला जितकी माणसे जमतात, त्याच्या चौथाई माणसे एका वखारीसाठी जमली तरी पुष्कळ होईल.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. मोठ्या दुकानाला टाळे लावा, असे मी म्हणत नाही, आणि वाण्यावर दया करा असेही म्हणत नाही. दयेवर दुकान चालत नसते. लहान दुकानदाराला सारख्या खरेदीला सारखा भाव मिळावा, भाजीवालीला कायद्याने कबूल केलेली जागा मिळावी, आणि तोट्यात विकून शेजाऱ्याला संपविणाऱ्यास कोणी तरी जाब विचारावा. या तीन गोष्टी झाल्यावरही जो बुडेल, तो आपल्या कर्माने बुडेल. त्यासाठी कोणी रडण्याचे कारण नाही.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपल्याकडेही थोडे लागते. थंडगार दुकानात छापील किमतीपुढे आपण मान तुकवितो, पिशवीचेही पैसे मुकाट्याने मोजतो, आणि बाहेर येऊन पदपथावरच्या म्हातारीशी कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून हुज्जत घालतो. घासाघीस करू नये असे नाही. ती बाजाराची रीतच आहे, आणि त्या म्हातारीलाही ती येते. पण जी घासाघीस बलवंतापुढे गप्प बसते आणि दुबळ्यापुढेच तोंड उघडते, तिला व्यवहार म्हणता येणार नाही. पाडव्याला व्यापाऱ्यांचे नवे वर्ष सुरू होते, नव्या वहीचे पहिले पान उघडते. आपलेही एक खाते त्या म्हातारीकडे आहे. ती ते लिहून ठेवीत नाही, एवढेच.