जगाच्या इतिहासाची शालेय मराठी

माध्यमिक शाळेत जगाचा इतिहास कसा शिकवावा याविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा प्रमाणाची असते : युरोपला किती पाने द्यावीत, आशिया व आफ्रिका यांना किती, सनावळ्यांचा भार कोठवर वाहावा. हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. परंतु मराठीतून हा विषय शिकणाऱ्या मुलाच्या हाती प्रथम पडतात ते शब्द, आणि त्या शब्दांचा विचार परिभाषाकोशाच्या पलीकडे सहसा जात नाही. परका इतिहास परका वाटतो, ही अडचण शिक्षकाला दिसते. तो अकारण ओळखीचा वाटू लागतो, ही अधिक अवघड अडचण मात्र त्याच्याही नजरेतून सुटते.

‘सरंजामशाही’ हा शब्द घ्या. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने सरंजामशाही रद्द केली, असे विद्यार्थी वाचतो. हे वाक्य शाळेत वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण उभे राहिले, असे मी एकदा एम. ए. च्या वर्गात विचारले. बहुतेकांनी शिंदे-होळकरांची नावे घेतली. उत्तर हसण्यासारखे नव्हते. भाषेच्या दृष्टीने ते बिनचूकच होते. सरंजाम म्हणजे सामग्री, सिद्धता (लग्नाचाही सरंजाम असतोच), आणि मराठी राज्यव्यवस्थेत, फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला मुलखाचा वसूल. शिवाजीमहाराजांचा कल रोख वेतनाकडे होता. राजारामाच्या संकटकाळात सरंजाम देणे भाग पडले आणि शाहूच्या कारकीर्दीत ती पद्धत स्थिरावली. तत्त्वतः सरंजाम चाकरीसाठी असे व धन्याच्या मर्जीने मिळे. व्यवहारात तो घराण्यांतून वंशपरंपरेने चालला, ही गोष्ट वेगळी. त्याच १७८९ साली महादजी शिंदे दिल्लीच्या राजकारणाची सूत्रे हाती धरून होते. मुलाच्या मनात व्हर्सायच्या सभेने जणू महादजींचीच सनद फाडली, तर दोष मुलाचा नव्हे.

व्हर्सायला त्या रात्री जे हक्क निकालात निघाले, त्यांचा फौजेशी असलेला संबंध केव्हाच तुटला होता. शेतकऱ्याने धन्याला द्यावयाची देणी, धन्याच्याच गिरणीत दळण्याची आणि त्याच्याच भट्टीत पाव भाजण्याची सक्ती, धन्याचे स्वतःचे न्यायासन, शिकारीचा आणि कबुतरखाना ठेवण्याचा त्याचा अनन्य अधिकार (त्या कबुतरांनी पेरलेले बी खाल्ले तरी शेतकऱ्याने हात उगारावयाचा नाही), असे त्यांचे स्वरूप होते. वंशपरंपरा, विक्रीची मुभा आणि गावाकडून मिळणारे मानपान व हक्क ही लक्षणे पाहता त्यांची कल्पना मराठी मुलाला सरंजामदारापेक्षा वतनदारावरून अधिक येईल. तीही पुरती येणार नाही, कारण वतनदाराच्या माथी गावाचे कामही असे. शिवाय यांतील पुष्कळशी देणी मोबदला देऊन सोडवून घ्यावयाची ठरली होती; मोबदल्यावाचून ती नष्ट झाली १७ जुलै १७९३ च्या कायद्याने. ‘सरंजामशाही रद्द केली’ या तीन शब्दांत शेतकऱ्यांची ही चार वर्षांची झुंज बुडून जाते.

आता मूळ युरोपीय संज्ञाही निर्दोष नाही. १९७४ साली एलिझाबेथ ब्राउन या विदुषीने तिला संकल्पनेची जुलूमशाहीच म्हटले. अर्थात आपला शब्द एका धूसर शब्दाचा प्रतिशब्द आहे. पण त्याची धूसरता निराळ्या जागी आहे, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

दुसरे उदाहरण थोडक्यात सांगतो. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या संदर्भात ‘आफ्रिकेची वाटणी झाली’ असे आपण सहज लिहितो. वाटणी होते ती भावाभावांत, वडिलार्जित मिळकतीची. वाटणी मागणारा हक्कदार असतो. त्या परिषदेस चौदा राष्ट्रांचे प्रतिनिधी होते, आफ्रिकेतील एकाही सत्तेचा नव्हता. ‘वाटणी’ या शब्दाने त्या चौदा जणांना नकळत वारस करून टाकले आहे. त्यात ‘झाली’ हे क्रियापद! मराठीतील अकर्मक क्रियापदांची समृद्धी काव्यात शोभते. इतिहासाच्या पाठात ‘वसाहती स्थापन झाल्या’, ‘नव्या जगाचा शोध लागला’ अशा वाक्यांत ती कर्त्याला आडोसा देते. सापडलेल्या प्रदेशात माणसे आधीच राहत होती, ही गोष्टही मग तळटीपेची होते.

यावर इंग्रजी संज्ञा जशाच्या तशा घ्याव्यात, असा उपाय कोणी सुचवील. मला तो मान्य नाही. अर्थशून्य शब्द पाठ करण्यापेक्षा चुकीच्या अर्थाशी झगडणे बरे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे नाव आपल्या पुस्तकास दिले आणि निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ते अर्पण केले. तेथेही दूरच्या इतिहासाचा शब्द जवळच्या स्थितीला लावलेला आहे. परंतु शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि निग्रोंचे दास्य यांत साम्य कोठे आहे, हे ते वाचकापुढे मांडतात; साम्य गृहीत धरून पुढे जात नाहीत.

शाळेत एवढे करण्यास फार काळ लागणार नाही. ‘सरंजामशाही’ यावर टीप लिहा, या नेहमीच्या प्रश्नाऐवजी, १७८९ साली मराठी सरंजामदार कोणत्या अटीवर मुलूख भोगत होता व फ्रेंच जमीनधनी कोणत्या, असे विचारले तर उत्तर दहा ओळींत मावते. मात्र त्यासाठी मराठ्यांचा आणि जगाचा इतिहास ज्या दोन निरनिराळ्या इयत्तांत आपण कोंडून ठेवतो, त्यांपैकी एकीचे पुस्तक दुसरीच्या वर्गात उघडावे लागेल.