'झोंबी'तला पाणी पाजणारा मुलगा

बक्षीस समारंभात मुलांच्या हाती 'झोंबी' देताना जिद्दीचे धडे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. मीही वर्गात वर्षानुवर्षे तेच सांगितले. अलीकडे पुन्हा वाचताना मात्र तो बोध अपुरा, काहीसा अन्यायकारकही वाटला.

आनंद यादव (1935-2016) कागलचे. कोगनोळीहून दूधगंगेचा पूल ओलांडला की त्यांचे गाव. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तिच्यातील झोंबी बापलेकांची, हे खरे. पण दोघेही उद्यावरच डोळा ठेवून जगतात, इकडे आपले लक्ष जात नाही.

दादाचे गुऱ्हाळ गावात सर्वांआधी सुरू झाले पाहिजे. लवकर निघालेल्या गुळाला भाव चढा. इतर शेतकरी ऊस पक्व होऊ देतात, कारण मग गूळ अधिक उतरतो. दादाच्या घाईत भावाच्या हिशेबाइतकाच मीपणाही आहे. मुलाला शाळेतून काढून शेताला जुंपतो आणि स्वतः मोकळा हिंडतो, तोही हाच दादा. मुलाचे गणित त्याच्या उलट : शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे हाती राहतील. दोघांच्याही लेखी आजचा दिवस केवळ खर्च करण्यापुरता.

दत्ताजीराव देसायांनी कानउघाडणी केल्यावर दादा शाळेला होकार देतो, पण अटींवर. सकाळी शेताला पाणी पाजायचे, तिथूनच शाळा गाठायची, सुटल्यावर गुरे राखायची. शाळेत मराठीला सौंदलगेकर मास्तर. (आडनाव आपल्या शेजारच्या सौंदलग्याचे, इथल्या वाचकाला ते परके वाटणार नाही.) ते कविता चालीवर गाऊन, हावभावांसह शिकवीत. मुलगा त्याच चालींवर पाणी पाजता पाजता गाऊ लागतो. पूर्वी शेतात एकटेपणा खायला उठे. आता सोबत नसली तर बरे, असे त्याला वाटते. माझ्या मते पुस्तकाचा गाभा इथे आहे. ज्या शिवारातून सुटण्यासाठी शाळा हवी होती, त्याच शिवारात शाळेने त्याला रमवले.

लेखक स्वतः या जाणिवेशी सर्वत्र प्रामाणिक राहिलेला नाही. पुढे परीक्षा आणि पैशांची ओढाताण सुरू झाली की कथनातला 'मी' वजनदार होतो, आणि शिवार मागे पडते. अर्थात, वर्तमानात रमा, असे भरल्या पोटी सांगणे सोपे. ती महत्त्वाकांक्षा नसती तर हे पुस्तकही नसते. आपल्या भागातील किती घरांतून मुले पुण्या-मुंबईला गेली, ती हौसेने थोडीच? तरीही त्यांच्या हाती पुस्तक देताना कोणते पान उघडून द्यावे, हा प्रश्न मला आता पडतो.

मी तरी म्हशींचे पान उघडीन. गुरे राखताना कविता सुचते आणि जवळ कागद नसतो. मुलगा दगडावर खड्याने किंवा म्हशीच्या पाठीवर काडीने ओळी लिहितो आणि पाठ झाल्या की पुसून टाकतो.