हिरवळ जाळून मिळालेली जादू

आमच्या टेबलावर एक शंभर पानी वही असायची. कोणी किती शत्रू मारले हे तिच्यात नसायचं, कोणाकडे किती पाणी उरलंय ते असायचं. माणसाला दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास; हाफ-जायंटला त्याच्या चौपट. आमच्यातला जो हाफ-जायंट घेऊन बसला होता, त्याच्यावर तिसऱ्या सेशनपासून सगळे डूख धरून होते. ड्रॅगनचा तोवर पत्ताही नव्हता.

'डार्क सन'शी माझी ओळख अशी झाली. डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी टीएसआर कंपनीने १९९१ मध्ये काढलेलं हे जग. लेखक ट्रॉय डेनिंग आणि टिमथी ब्राउन, चित्रं ब्रॉमची. ही चित्रं नंतर चिकटवलेली सजावट नव्हती; ब्रॉम आधी रंगवायचा आणि लेखक त्यातून जग उचलायचे, असंही झालं. इथे एल्फ जंगलात गाणी म्हणत नाहीत, वाळवंटात पळतात आणि गिऱ्हाईक फसवतात. हाफलिंग माणसं खातात. देव नाहीत. लोखंड इतकं दुर्मीळ की तलवारी हाडांच्या नाहीतर ऑब्सिडियनच्या, आणि नाणी भाजलेल्या मातीची.

पण अशी उलटापालट कोणीही करू शकतं. नुसत्या उलटेपणावर जग दोन-तीन सेशन टिकतं, वर्षं नाही. मला या जगात धरून ठेवलं ते जादूच्या नियमाने. अथासवर जादूची ताकद येते झाडापाल्यातून. जपून घेणारा तो प्रिझर्व्हर, ओरबाडून घेणारा तो डिफायलर. डिफायलरने मंत्र टाकला की त्याच्याभोवतीची हिरवळ राख होते आणि जमीन नापीक होते. सगळं वाळवंट असंच झालंय. शहरांवर राज्य करणारे सॉर्सरर-किंग याच वाटेने मोठे झाले.

जुन्या नियमांमधली खरी मेख मात्र एका रुक्ष तक्त्यात आहे: डिफायलरची लेव्हल लवकर वाढते. बस. प्रवचन नाही, शाप नाही. जमीन जाळणारा पुढे जातो आणि जपणारा मागे राहतो, आणि हे तुम्हाला दर महिन्याला आपल्या कॅरेक्टर शीटवर दिसतं.

२०१० मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने चौथ्या आवृत्तीत हा नियम बदलला. जुने भक्त नाक मुरडतात, पण मला हा बदल जास्त चांगला वाटतो. आता डिफायलर हा वेगळा वर्ग नाही. कोणताही जादूगार, त्याचा दिवसातून एकदाच वापरता येणारा मंत्र हुकला तर फासा पुन्हा टाकू शकतो. किंमत? जवळपासच्या साथीदारांच्या अंगातला जीव. आमच्या जादूगारीणबाई चार महिने प्रिझर्व्हर म्हणून मिरवत होत्या. एका रात्री त्यांचा मंत्र दोन आकड्यांनी हुकला. तिने फासा पुन्हा उचलला. तिघांना जखमा झाल्या, एक कोसळला. "अगं, विचारायचं तरी!" "विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास." त्या रात्री पुढे खेळ झाला नाही.

त्याच आवृत्तीने पाण्याचं मात्र वाटोळं केलं. अन्नपाण्याची एक पुडी, नाव 'सर्व्हायव्हल डे'. पैसे टाका, दिवस विकत घ्या. मी लातूरचा. २०१६ मध्ये मिरजेहून आमच्याकडे रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी शाळेत होतो. कोणती घागर पिण्याची आणि कोणती वापरायची, हे घरात कोणी विसरत नसे. पाणी पुडीत आलं की ते फक्त खर्च होतं, त्याची धास्ती वाटत नाही. म्हणून आम्ही चौथ्या आवृत्तीची जादू ठेवली आणि पाणी १९९१ चं.

कथेच्या बाबतीत हे जग स्वतःच्याच पायावर धोंडा मारतं. टीर शहराचा राजा कलक पहिल्याच कादंबरीत मरतो. मारणारे कादंबरीतले नायक. खेळणाऱ्यांच्या वाट्याला गर्दीतली जागा. पुढे १९९५ च्या सुधारित संचापर्यंत आणखी कितीतरी राजे असेच परस्पर संपवले गेले. ते सगळं आम्ही खुशाल टाकून दिलं.

आता अवघड भाग. पाचव्या आवृत्तीसाठी डार्क सन आलेलंच नाही. हे जग अनेक अर्थांनी अडचणीचं आहे, असं विझर्ड्सकडून २०२३ मध्ये सांगितलं गेलं. मुख्य अडचण गुलामगिरीची. मला वाटतं, गुलामांचे बाजार काढून टाकले तर राजांना उलथायला कारणच उरत नाही. पण आक्षेप पोकळ नाही. माणूस आणि ड्वार्फ यांच्या संकरातून राबवण्यासाठी पैदा केलेली एक जमात या पुस्तकात आहे, आणि ती आम्ही सगळ्यांनी हौसेने निवडली ती कशासाठी? तर ताकदीचा आकडा वाढतो म्हणून. तिला कोणी, कुठे, कशासाठी जन्माला घातलं, हे आमच्या टेबलावर दोन वर्षांत एकदाही कोणी विचारलं नाही. पुस्तकानेही विचारायला भाग पाडलं नाही.

येत्या रविवारी नवीन खेळ सुरू होतोय. डंजन मास्टर तोच, हाफ-जायंटवाला. पाण्याची वही त्याच्याकडे आहे. या वेळी तिच्यात त्याने आणखी एक रकाना आखलाय: प्रत्येक पात्र कोणाच्या मालकीचं होतं, आणि तिथून सुटलं कसं.