नुकसानभरपाईचें गद्य

कायद्याचें पुस्तक परीक्षणासाठीं हातीं घ्यावें, ही कल्पना आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या ग्रंथाच्या एकेका शब्दावर एखाद्या घरची चूल अवलंबून असते, त्याची भाषा तपासणें टीकाकाराच्या अधिकाराबाहेरचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ग्रंथ म्हणजे १९२३ सालचा कामगार नुकसानभरपाईचा कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली. तथापि आशय बव्हंशीं जुनाच आहे.

वाचनास निमित्त ठाणें जिल्ह्याचें. ३१ जुलै व १ ऑगस्ट २०२३ यांच्या मधल्या रात्रीं शहापूर तालुक्यांत सरलांबे येथें समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया चढविणारें अजस्र यंत्र कोसळून वीस माणसें गेलीं. पुढच्याच महिन्यांत, १० सप्टेंबर रोजीं, ठाण्याच्या बाळकुम भागांत चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळून सात मजूर ठार झाले. सरलांब्यानंतर राज्य सरकारनें वारसांस पांच लाखांची मदत जाहीर केली. सरकारनें तें केलें हें योग्यच. पण 'मदत' हा दात्याचा शब्द आहे, आणि 'भरपाई' हा धनकोचा. आमच्या वृत्तपत्रांच्या भाषेंत पहिला शब्द सदैव ठळक अक्षरांत असतो. दुसरा क्वचितच भेटतो.

कायद्यांत मात्र दुसराच आहे, आणि हा त्या गद्याचा मोठा गुण. इजा कामामुळें व काम चालू असतांना झाली एवढें दिसलें कीं पुरे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाहीं. मृत्यु किंवा कायमचें पूर्ण अपंगत्व आलें असेल, तर मजुरानें मुद्दाम टोपी घातली नव्हती, ही सबबहि चालत नाहीं. विधवेच्या हातावर कांहीं नोटा ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घेणाऱ्या मुकादमाची तर कायद्यानें आधींच गणना केली आहे: मृत्यूच्या बाबतींत परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाहीं, ती अधिकाऱ्याकडे भरावी लागते.

खरें वाचनीय आहे तें परिशिष्ट. अंगठा ३०, तर्जनी १४, मधलें बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७! कमाईची शक्ति शेंकडा किती गेली, त्याचें हें कोष्टक. जुन्या कायद्याखालीं २०२० पासून मासिक वेतन १५,००० रुपयांपर्यंतच हिशेबांत धरलें जाई. पंचविशींतला गवंडी अंगठा गमावून बसला, तर वेतनाचे साठ टक्के, गुणिले वयाचा अंक २१६.९१, त्याचे तीस टक्के, म्हणजे ५,८५,६५७ रुपये. ही भाषा थंड आहे खरी. पण तिच्यांत कींव नाहीं, म्हणून ती आम्हांस निर्दय वाटत नाहीं. तिचा दोष निराळाच आहे. गवंड्याचा अंगठा आणि कारकुनाचा अंगठा तिला एकच दिसतो.

हा दोष न्यायालयाच्या ध्यानांत आला होता. उंचावरून पडून कोपराच्या वर डावा हात गमावलेल्या एका सुताराचें प्रकरण १९७५ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. सुतारकाम एका हातानें होत नाहीं, सबब हानि शंभर टक्के, हा खालचा निर्णय न्यायालयानें कायम केला. कोष्टक हातीं असतांना माणसाकडे पाहणारें असें वाचन आमच्या टीकावाङ्मयांतहि फारसें आढळत नाहीं.

मात्र ह्या ग्रंथाचा नायक हजेरीपटावर नांव असलेला मनुष्य आहे. कल्याणच्या किंवा डोंबिवलीच्या नाक्यावर सकाळीं थापी घेऊन उभा असलेला मजूर आज एकाकडे, उद्यां दुसऱ्याकडे जातो. त्याच्या वेतनाला कागद नाहीं, आणि कित्येकदां मालकाचें नांवहि त्यास ठाऊक नसतें. कायदा त्याला अगदींच विसरलेला नाहीं. इमारती बांधणें हाच ज्याचा धंदा, तो मूळ मालक कंत्राटदाराच्या मजुरासहि भरपाई देण्यास बांधलेला आहे. मग त्यानें ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. पण हें कलम सांगावयास नाक्यावर कोण जातो? दाव्याची मुदत दोन वर्षांची. जायबंदी मनुष्य तोंपर्यंत बहुधा गांवीं परतलेला असतो, आणि ज्या इमारतीवर तो पडला तिच्यांत बिऱ्हाडें राहावयास आलेलीं असतात.